रिबूचे बूट, माझे पाय

परवा सकाळी खिडकी उघडली आणि मळीचा वास आत आला. म्हणजे साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं. बाहेरगावच्या माणसाला हा वास सोसत नाही, नाक दाबून विचारतात, काय मेलंय का इथं? आम्हा श्रीरामपूरकरांना त्याचं काही वाटत नाही. वास आला की आम्ही कपाटातून स्वेटर काढतो, एवढंच. मी मशीनवर येऊन बसले, तर खिडकीखालून सात-आठ पोरी पळत गेल्या. कानाला रुमाल बांधलेले, तोंडातून वाफा. पोलीस भरती निघालीय पुन्हा. पोरी कालव्याकडं दिसेनाशा होईपर्यंत मी त्यांचे पाय बघत राहिले, कुणाच्या पायात काय आहे, कुणाची टाच कशी पडते. भानावर आले तेव्हा हातातल्या ब्लाऊजची डावी बाही उजवीकडं लावून झाली होती. तीस वर्षं झाली शिवतेय. असली चूक शिकाऊ असतानाही केली नव्हती मी.

पायांकडं बघायचं हे खूळ मला दोन हिवाळ्यांपूर्वी लागलं. रिबूमुळं.

रिबू म्हणजे रिबेका, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. राहायला बेलापूर. बेलापूर काही लांब नाही, पण भरतीच्या पोरींचा सराव आमच्याकडच्या मैदानावर पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा आणि त्या वेळेला तिकडून यायला काही मिळत नव्हतं. म्हणून त्या हिवाळ्यात ती आमच्याकडं राहायला आली. एक पिशवी कपड्यांची, एक पुस्तकांची. वय सत्तावीस पूर्ण. पुढच्या मार्चला वयाची अट ओलांडणार होती, म्हणजे ही भरती शेवटची. आधी एकदा ती मैदानावरच मागं पडली होती. बहिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आक्के, ही खेप गेली तर मग काय न्हाई गं. पोरीनं चार वर्सं याच्यावर काढली." मी म्हटलं, तू काळजी करू नको, मी आहे ना. मी असं म्हणायला नको होतं. पण माझा स्वभाव तसा आहे, कुणी काही सांगायचा अवकाश, मी लगेच पदर खोचते.

मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. मैदानाच्या दोन फेऱ्या. रिबू सराव करायची ते कापडी बूट शाळेतले होते, अंगठ्याशी भोक पडलेलं. सरावातल्या पोरी म्हणाल्या, यावर कसं होणार, रनिंगचे बूट घे. म्हणून आम्ही दोघी मेन रोडला गेलो.

दुकानदार ओळखीचा. त्याच्या दोन मुलींचे ड्रेस मीच शिवते. त्यानं खालच्या खणातून एक जोड काढला, लाल, बाजूनं पांढरी पट्टी. म्हणाला, "हे सुरुवातीचं मॉडेल, मावशी. नव्यानं पळणारे हेच नेतात. तुम्हाला मऊ पाहिजे का हलका?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"दोन्ही पाहिजे तर वरच्या खणातले बघावे लागतील."

वरच्या खणाकडं आम्ही दोघींनी एकदा बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. मी विचारलं, मऊ चांगला की हलका चांगला? तो म्हणाला, चालायला मऊ चांगला, पळायला हलका. मग रिबू पळणार, तिला मऊ कशाला? तर म्हणे, लांब पळायचं तर मऊपण लागतंच. अरे, मग आठशे मीटर लांब की जवळ? तो डोकं खाजवायला लागला. माझ्या डोक्याचा तर पार भुगा झाला. ब्लाऊजचं कसं, घट्ट झालं तर उसवायचं, ढिलं झालं तर टीप मारायची. इथं सगळंच अधांतरी. रिबूनं डावा बूट घातला, स्टुलावर बसल्या बसल्या पाय हलवून बघितला. मी तिच्या अंगठ्यापाशी बोटानं दाबलं, आंबा दाबून बघतात तसं, आणि जाहीर केलं, "बसला! सहा नंबर बरोबर." उजवा घालून बघायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. फिटिंगच्या बाबतीत माझा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा असतो, त्याचा मला गर्व होता. होता म्हणजे काय, अजूनही आहे थोडा.

घरी आल्यावर बूट टेबलावर ठेवले आणि आमचे हे चष्मा लावून त्यांच्याभोवती फिरले. हे एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांनी बूट वाकवला, हुंगला, म्हणाले, "कोरे बूट घालून भरतीला जायचं न्हाई. फोड येतेत. आमाला नवे बूट मिळाले की पयले पंधरा दिवस माझा धाकटा भाऊ वापरायचा. पार मऊ करून द्यायचा. मग मी."

रिबूची अडचण निराळी होती. ती म्हणाली, "काका, रोज मैदानावर नेले तर ग्राउंडच्या परीक्षेच्या दिवसापर्यंत झिजून जातील ना. मला ते त्या दिवसासाठी ठेवायचेत."

आणि आम्हा दोघांनाही ते पटलं! आमच्याकडं नवं कापड आलं की ते नाताळाला काढायचं, तोवर घडी मोडायची नाही. लहानपणी आम्ही बहिणी नव्या फ्रॉकला नुसत्या हात लावून यायचो. चांगली वस्तू मोठ्या दिवसासाठी राखायची हे हाडात मुरलेलं. तेव्हा बूट झिजायला नकोत, पण रुळायला तर हवेत. यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "तुझा पन सहाच नंबर ना गं?"

असा मी तो मान मिळवला. पळणार रिबू, जुन्या कापडी बुटांत. आणि तिचे नवे बूट चालून चालून रुळवणार मी, चोपन्न वर्षांची टेलर, साडीवर.

आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही तिघंही अगदी गंभीर होतो. रोज सकाळी रिबू मैदानावर गेली की मी बूट घालून कालव्याच्या रस्त्याला लागायची. पहिल्या दिवशी पाऊल टाकलं आणि, देवा शप्पथ, मला वाटलं जमीनच मऊ झाली. तीस वर्षं मशीनचं पायडल मारून माझे गुडघे कामातून गेलेले. त्या दिवशी पुलापर्यंत गेले आणि आले, गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. परत येऊन मी रिबूला सांगितलं, "अगं, काय बूट आहेत! पाय उचलावाच लागत नाही, आपला आपण उचलला जातो." तिचा चेहरा खुलला. "खरंच, मावशे?"

मग रोजचा अहवालच सुरू झाला. ती मैदानावरून यायची, मोरीवर पाय धुवायची, मी चहा टाकायचा आणि बुटांचं सांगायचं. आज दवानं पुढची जाळी भिजली, बोटं गारठली, पण वाळली लवकर. आज उसाच्या ट्रॉलीला बाजू द्यायला खडीवर उतरले, खालून खडा टोचला नाही. आज डाव्या टाचेत थोडं ढिलं वाटलं, नाडी एक भोक वर ओवली, झालं. कुठं आराम आहे, कुठं पकड आहे, सगळं. रिबू ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मंग बरं हाय."

रस्त्यावरचे लोक काय सोडतात होय? सहावारी साडी, वर स्वेटर, खाली लालभडक बूट. दूधवाला रोज गाडी हळू करायचा. "काय टेलरमावशी, भरती का?" मी म्हणायची, "हो, तुलाच पहिला आत टाकते." एका सकाळी धुकं इतकं होतं की चार हातांवरचं दिसत नव्हतं. कुणी बघत नाही म्हटल्यावर मी साडी जरा वर खोचली आणि पुलापासून कडुलिंबापर्यंत पळाले. पन्नास पावलं असतील. छाती फुटायला आली, केस सुटले, आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले. चोपन्न वर्षांत मी कधी पळाले नव्हते, कुणी पळ म्हटलंच नव्हतं. घरी येऊन रिबूला सांगितलं, पळायला पण एक नंबर आहेत, मी स्वतः पळून बघितलं. त्यावर ती चहाच्या कपात बघत राहिली. ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

नाताळ झाला. नव्या वर्षात पोरींना शिकवणाऱ्या सरांनी मैदानावर सरावाची परीक्षा घेतली, घड्याळ लावून, अगदी खऱ्यासारखी. रिबू त्या दिवशी पहिल्यांदा लाल बूट घेऊन गेली. मी उंबऱ्यातच उभी. आली तेव्हा बुटांवर मैदानाची पांढरी फक्की, वरपर्यंत माती. मी विचारलं, "कसे वाटले?"

"चांगले वाटले की."

ती मोरीवर पाय धुवायला बसली. मी मागून टॉवेल घेऊन गेले आणि बघते तर तिचे तळवे काळेकुट्ट. टाचेला मुरमाचे कण रुतलेले, अंगठ्याखाली कापलेलं.

"रिबू, बूट घालून तळवे असे कसे झाले गं?"

ती पाणी ओततच राहिली. मी पुन्हा विचारलं. मग तिनं तांब्या खाली ठेवला. "मी अनवानी पळाले, मावशे."

"आणि बुटांवरची माती?"

"मी चोळली."

माझा राग नाकावरच असतो. मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. दोन महिने मी गावात हसं करून घेतलं, थंडीत हिंडले, आणि तू मला फसवतेस? मी तुझ्यासाठी कातडी झिजवली आणि तू माती चोळून आणतेस? हे आतून ओरडले, "अगं हळू, पोरीला बोलू तर दे." रिबू रडली नाही. तिनं खाली मान घालून सांगितलं, "उजवा लई चावतो, पयल्या दिवसापासून. मी तू नसताना घालून बघितला हुता. आन् आता तर आत एकीकडं खड्डा पडलाय, पाय वाकडा पडतो. पर तू रोज एवढं कौतुक सांगायची. तुजे गुडघे दुखायचे राहिले म्हनायची. धुक्यात पळाले म्हनून किती हसली तू. मी कसं सांगनार हुते?"

मी बूट उचलला आणि आत हात घातला. अंगठ्याखाली खोल, टाचेच्या बाहेरच्या अंगाला खोल. माझा वाकडा पडणारा पाय जसाच्या तसा आत होता. कातडं रुळतं, हा मऊ थर नुसता दबतो, आणि ज्याच्या पायानं दबला त्याचाच होऊन बसतो. आता हे कोणत्याही पोराला विचारलं तर सांगेल. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणाला विचारलं नाही.

मग मी जे केलं ते दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. खाली वर्तमानपत्र पसरलं, शिवणकामाचा खडू घेतला आणि रिबूला म्हटलं, "उभी राहा." तिच्या दोन्ही पायांभोवती रेघ ओढली. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धं बोट लांब निघाला. पुढून पसरट, टाच बारीक. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, त्याचं नख काळं पडलेलं. सहा नंबर कुठून आला विचारलं तर म्हणाली, "नववीत पप्पांनी सहा नंबर आनले हुते. तवापासून सहाच." पोर दोन महिने माझ्या घरात होती, मी तिला रोज टॉवेल दिला, आणि तिचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. तीस वर्षांत एका बाईचा ब्लाऊज दुसरीच्या अंगावर बेतून दिला नाही मी. सख्ख्या जुळ्या बहिणी आल्या तरी दोघींची मापं वेगळी घेतली. मग इथंच माझी अक्कल कुठं गेली होती, मला अजून कळत नाही.

आम्ही तो कागद घेऊन परत दुकानात गेलो. या खेपेला रिबूनं दोन्ही बूट घातले, नाड्या बांधल्या आणि दुकानातून बाहेर पडून गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली आणि आली. लोक बघत होते. तिनं तीन जोड असे पळून बघितले. शेवटी सात नंबरचा एक निळा जोड निवडला, तोही खालच्याच खणातला. मी दाबून बघितला, तर मला तो नुसता लाकूड वाटला. तोंडाशी आलं होतं, पण मी जीभ दाताखाली धरली. ती म्हणाली, "हा मऊ न्हाई मावशे, पर पाय कुठं पडतोय ते कळतं." मला त्यातलं काही कळलं नाही. मी मान हलवली.

मैदानी चाचणीला सोळा दिवस उरले होते. सोळाही दिवस ती ते निळे बूट घालून पळाली. संध्याकाळी मी तिला विचारायची आणि आता ती सांगायची, मी ऐकायची. बोटांना जागा आहे. वळणावर घसरत नाही. शेवटच्या शंभर मीटरला पाय जड होतात, पण ते पाय जड होतात, बूट नाही. तिची वेळ रोज थोडी थोडी कमी होत होती. सर म्हणाले, येतंय, येतंय. हे वहीत आकडे लिहायला लागले. मी त्या सोळा दिवसांत इतकी प्रार्थना केली की पाळकसाहेबांनी विचारलं, घरी सगळं बरं आहे ना?

चाचणी नगरला होती. आम्ही दोघी पहिल्या एसटीनं गेलो. तिला आत घेतलं, मी फाटकाबाहेर इतर आयांबरोबर. कुणाची जपमाळ चालू, कुणी नुसतीच फाटकाकडं टक लावून. आतून शिट्टी ऐकू यायची, मग ओरडा, मग पुन्हा सगळं शांत. ऊन डोक्यावर आलं तेव्हा रिबू बाहेर आली. तिच्या चालण्यावरूनच मला कळायला हवं होतं, बाईच्या चालण्यावरून मी फिटिंग सांगते. पण मला काही सांगता येईना.

"चार सेकंद," ती म्हणाली. "पायजे त्या वेळेपेक्षा चार सेकंद जास्त लागले. एवढ्यावर यादीत नाव यायचं न्हाई."

आणि मी बया तिला जवळ घ्यायचं सोडून पहिला प्रश्न काय विचारावा? "बूट?"

"बूट लई चांगले हुते, मावशे. पायात हायत असं वाटलंच न्हाई."

"मग गं?"

"मंग काय. जेवढं माज्यात हुतं तेवढं पळाले."

यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. मार्चमध्ये वय उलटलं. रिबू आता बेलापुरात औषधाच्या दुकानात कामाला आहे, आईकडं बघते, रविवारी चर्चमध्ये गाते. बरी आहे. गेल्या नाताळाला आली तेव्हा मी पुन्हा तेच उकरलं. म्हटलं, पहिल्या दिवसापासून ते निळे बूट असते तर? सोळा दिवसांऐवजी अडीच महिने मिळाले असते तर चार सेकंद निघाले नसते का? ती म्हणाली, "मावशे, तुज्या डोक्यात अजून त्येच हाय व्हय? निघाले असते, न्हाईतर नसते. कुनाला ठाव?" आणि माझ्या ताटात पुरणपोळी वाढली. माझा तर चार सेकंदांत साधा हुकसुद्धा लावून होत नाही. एवढ्याशा वेळात चार वर्षं कशी जातात? माझं कौतुक जास्त झालं की तिचं बोलणं कमी पडलं? कधी वाटतं सगळा दोष माझा. कधी वाटतं तसं मानणं हासुद्धा माझा गर्वच, पोरीच्या पळण्याचं सगळं श्रेय-अपश्रेय माझ्या एका बोटानं दाबण्यावर नेऊन ठेवायचा. कधी वाटतं बुटाचा आणि नशिबाचा काही संबंध नाही, आणि लगेच वाटतं, मग लोक बूट घेतात कशाला? मशीनवर बसले की हे चालू होतं आणि बाही उलटी लागते.

त्या दिवशी परतीच्या एसटीत आम्हाला मागची लांब सीट मिळाली. राहुरीपर्यंत रिबू ताठ बसून आली. मग म्हणाली, "मी जरा आडवी व्हते," आणि खिडकीकडं डोकं करून पाय माझ्याकडं केले. दोन मिनिटांत तिला झोप लागली. मी तिच्या नाड्या सोडल्या, हळूच बूट काढले, मोजे काढले. पाय मांडीवर घेतले आणि उन्हाकडं करून नीट बघितले. टाच बघितली, करंगळी बघितली, त्या काळ्या नखाच्या बोटाच्या दोन्ही बाजू बघितल्या. कुठं लाल झालं नव्हतं, कुठं घासलं नव्हतं, एक फोड नव्हता. एवढं चोख फिटिंग माझ्या हातून उभ्या आयुष्यात झालं नसेल. पदर तोंडात कोंबला मी, तरी मला रडू आवरेना.